ऑक्सिजन ९८, तरी दम का लागतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कोकणातल्या आयसीयूंमध्ये लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), सर्पदंश आणि न्यूमोनियाचे रुग्ण वाढतात आणि व्हेंटिलेटर हा शब्द पुन्हा घराघरांत ऐकू येतो. कोविडनंतर व्हेंटिलेटर तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. किती चालू आहेत, किती धूळ खात आहेत, याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्या यायलाच हव्यात. आम्ही लिहितो आहोत ते त्यापुढच्या गोष्टीबद्दल. श्वास घेणाऱ्या स्नायूंची ताकद मोजणे आणि ती परत आणणे, याला ना मोठे यंत्र लागते ना मोठा निधी. तरीही आमच्या पाहण्यात हे काम फार थोड्या ठिकाणी नियमाने होते.

कोविडने आपल्या सगळ्यांना ऑक्सिमीटर वाचायला शिकवले. बोटावरचा आकडा ९४च्या वर असला की घरचे निर्धास्त होतात. पण तो आकडा रक्तात ऑक्सिजन किती पोहोचला एवढेच सांगतो. लोहाराचा भाता शाबूत आहे का, हे त्यावरून थोडेफार कळेल. भाता ओढणारा हात थकला आहे का, हे कळणार नाही. माणसाच्या शरीरात तो हात म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू. शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचे बरेचसे काम तो एकटा ओढतो. तो थकला आणि नाकाला ऑक्सिजन लावलेला असला, तर आकडा ९८ दिसत राहतो आणि बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात साचत जातो. सकाळी डोके जड, दिवसभर गुंगी, एका दमात चार शब्दांच्या वर बोलणे नाही, अशा रुग्णाला ‘अशक्तपणा आहे, झोपू द्या’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. त्याचे एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, करायला हवी. त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मापात ३५ ते ४५ मिमी असावा लागतो. तो ५५-६०वर असेल तर ऑक्सिजन वाढवणे हे त्यावर उत्तर नाही, श्वासाला आधार देणे हे उत्तर आहे.

व्हेंटिलेटरवरच हा स्नायू कसा कमकुवत होतो, हे नातेवाइकांना कोणी सांगत नाही. प्लास्टर काढल्यावर बारीक झालेला पाय सगळ्यांनी पाहिलेला असतो. पायाला त्यासाठी काही आठवडे लागतात. श्वासपटल जन्मापासून एक मिनिटही न थांबलेला स्नायू. यंत्राने त्याचे सगळे काम हाती घेतले की तो दोन-तीन दिवसांतच झिजू लागतो. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांचे श्वासपटल तपासले होते. १८ ते ६९ तास पूर्णपणे यंत्राच्या श्वासावर राहिलेल्या या दात्यांच्या स्नायूंचे तंतू तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून बारीक झालेले आढळले. त्यात रक्तातला जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड, स्नायू सैल करणारी इंजेक्शने, कमी झालेले पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांची भर पडते. यातले फॉस्फेट नेमके विसरले जाते. सोडियम-पोटॅशियम रोज तपासायला पाठवले जाते, फॉस्फेट मात्र आठवड्यात एकदाही नाही. चार-पाच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम भरपूर फीड (नळीतून आहार) सुरू केले की फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि आधीच थकलेला स्नायू आणखी ढिला पडतो.

हातापायांत ताकद आहे, म्हणजे श्वासाचीही असेल, असे मानणे चूक आहे. २०१७ साली फ्रान्समध्ये ७६ रुग्णांना व्हेंटिलेटर पहिल्यांदा सोडवायच्या वेळी तपासले, तेव्हा श्वासपटलाचा कमकुवतपणा ६३ टक्क्यांत आढळला, हातापायांचा ३४ टक्क्यांत. हात घट्ट दाबणारा रुग्णही श्वासनलिकेतली व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर संध्याकाळपर्यंत धापा टाकू लागतो, तो यामुळेच.

कोकणापुरते बोलायचे तर दोन प्रकारचे रुग्ण आयसीयूत येतात तेच मुळी श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे. पहिला मण्यारीच्या दंशाचा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. दुखत नाही, सुजत नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. इथपर्यंत ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवत असतो. अशा रुग्णाला पूर्ण श्वास भरून एका दमात सेकंदाला दोन या गतीने मोजायला सांगावे. धडधाकट माणूस तीस-चाळीसपर्यंत सहज जातो. विसाच्या आत अडला तर सावध व्हावे. दर तासाला मोजून आकडा कागदावर लिहावा, कारण पंचवीसवरून अठरा, अठरावरून बारा अशी उतरण ऑक्सिमीटरच्या कितीतरी आधी दिसते. बाराला आलेल्या रुग्णाला नुसता ऑक्सिजन लावून घाटात पाठवू नये. नळी टाकून, श्वास हातात घेऊन मगच पाठवावे. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. त्यामुळे प्रतिविषाच्या दहा कुप्या गेल्या तरी लुळेपणा लगेच उतरत नाही, कधी अनेक दिवस व्हेंटिलेटर लागतो. या काळात बाहुल्या विस्फारलेल्या, हालचाल शून्य, हाकेला ओ नाही, असे दिसते. पण तो माणूस आतून जागा असू शकतो, सगळे ऐकत असू शकतो. या अवस्थेत ‘मेंदू गेला’ असा निष्कर्ष काढून घरी नेलेला रुग्ण हा वाचू शकणारा रुग्ण असू शकतो. हे वाक्य आम्ही फार विचार करून लिहीत आहोत.

दुसरा प्रकार आंब्याच्या फवारणीच्या दिवसांतला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक पोटात गेले, किंवा अंगावर बरेच सांडले, की लाळ, घाम, छातीत कफ, बारीक झालेल्या बाहुल्या हे सारे ॲट्रोपिन या औषधाने आटोक्यात येते. दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलतो, चहा मागतो, आणि खाट रिकामी हवी म्हणून वॉर्डात जातो. धोका इथे आहे. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात आणि यावर ॲट्रोपिनचा काही उपयोग होत नाही, कारण ॲट्रोपिन स्नायूच्या जोडावर काम करत नाही. तपासणी अगदी सोपी आहे. उशी काढा, आडव्या रुग्णाला डोके वर उचलून धरायला सांगा. पाच सेकंद धरता आले नाही तर तो वॉर्डात राहण्याजोगा नाही. पहिले चार दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, ही एक ओळ सिस्टरच्या चार्टवर असायला हवी.

आता आयसीयूतल्या मोजमापाकडे. जोर लावून ओढलेला सर्वांत मोठा श्वास किती दाब निर्माण करतो, ते सेंटिमीटर पाण्याच्या मापात मोजतात. बऱ्याच व्हेंटिलेटरमध्ये एनआयएफ किंवा पीआयमॅक्स नावाने ही सोय आधीच असते. बटण कोणी दाबत नाही एवढेच. नसेल तर दाबमापक आणि एकतर्फी झडप पुरते, जिच्यातून श्वास सुटतो पण आत ओढता येत नाही. रुग्ण जागा हवा, गुंगीचे औषध थांबवलेले हवे, पाठ ४५ अंशांत, आधी नळीतला कफ काढलेला, आणि नळीभोवतीच्या, कडेची हवा अडवणाऱ्या फुग्याचा दाब याच मापात २० ते ३०च्या दरम्यान. मग २० ते २५ सेकंद ओढू द्यावे, दोन मिनिटे विश्रांती द्यावी, असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहावा. चुका ठरलेल्या असतात. एक सेकंद रोखून लगेच सोडले तर आकडा खोटा कमी येतो. फुगा ढिला असेल तर कडेने हवा शिरते. गुंगीतल्या रुग्णाचा आकडा हा औषधाचा आकडा, स्नायूचा नव्हे. आणि हे माप उणे चिन्हाने लिहितात, म्हणून नव्या माणसाला उणे २० हे उणे ४०पेक्षा ‘चांगले’ वाटते. उणे ३०ची ताकदही न लावणारा स्नायू कमकुवत धरावा. सोनोग्राफीवरही श्वासपटल किती आकुंचन पावते ते दिसते, पण यंत्र आणि पाहणारा डॉक्टर दोघेही खाटेपाशी हवे त्या वेळी मिळतीलच असे नाही.

नळी काढण्याआधी सुटा, म्हणजे यंत्राच्या जेमतेम आधारावर किंवा आधाराशिवाय, श्वास घेऊन पाहण्याची चाचणी अर्धा तास तरी व्हावी. मिनिटाला ३५च्या वर श्वास, ९०च्या खाली ऑक्सिजन, १४०च्या वर नाडी, कपाळावर घाम, यातले काही दिसले तर थांबावे. मॉनिटरकडे पाहता पाहता रुग्णाच्या पोटाकडेही पाहावे, एक तळवा बेंबीच्या वर ठेवावा. श्वास आत घेताना पोट वर यायला हवे. ते आत खेचले जात असेल तर श्वासपटल काम सोडून बसले आहे आणि मानेचे स्नायू ओढत आहेत. खोकल्याची ताकद पाहायला पांढरे कार्ड पुरते: नळीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटरवर धरून तीन-चार वेळा खोकायला सांगावे. कार्डावर ओल उमटली नाही तर नळी काढल्यावर कफ बाहेर काढण्याइतका जोर नाही, असे समजून तयारी ठेवावी.

चाचणीत एकदा नापास झाला म्हणून रुग्णाला पुन्हा गुंगीत घालून संपूर्ण यंत्राच्या श्वासावर टाकणे हे आम्हाला सर्वांत चुकीचे वाटते. थकलेल्या स्नायूला विश्रांती हवी, पण सुट्टी नको. रात्री पुरेसा आधार द्यावा, दिवसा रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू राहील इतकाच. उलट टोकही वाईट: आधार फार कमी करून दिवसभर धापा टाकायला लावले तर स्नायूला इजा होते. रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवून पाहणे, काठावर बसवणे, खुर्चीत बसवणे, हे सगळे नळी असतानाही करता येते. त्यासाठी दोन माणसे आणि एक धीराचा डॉक्टर लागतो.

आता व्यायाम. इथे मोठा गैरसमज आहे. तीन चेंडूंचे जे स्पायरोमीटर मेडिकलमध्ये मिळते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात दिले जाते, ते फुप्फुस उघडायला चांगले आहे, पण त्याने स्नायूला फारसे वजन मिळत नाही. रिकाम्या हाताने दंड वाढत नाहीत, तसेच हे. शिवाय निम्मे लोक त्यात फुंकतात. ते ओढायचे असते. ताकदीसाठी स्प्रिंगची झडप असलेले, थ्रेशोल्ड प्रकारचे छोटे उपकरण लागते. ठरवलेल्या दाबापर्यंत ओढल्याशिवाय झडप उघडत नाही. मोजलेल्या कमाल दाबाच्या निम्म्यावर ते लावावे. कमाल ३० असेल तर १५वर. सहा श्वासांची एक फेरी, मध्ये मिनिटभर विश्रांती, हवा तर त्या मिनिटात पुन्हा व्हेंटिलेटर, अशा पाच फेऱ्या. दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस. सहावा श्वास जेमतेम जमेल इतके वजन हवे. सहज जमू लागला की पीळ वाढवावा. नेहमीचे उपकरण ९पासून ४१पर्यंत जाते. म्हणजे ज्याची कमाल १५ आहे त्याला निम्मे वजन बसतच नाही. त्याला ९वर ठेवून दोन-दोन, तीन-तीन श्वासच द्यावेत. गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीलाही ते जोडता येते, फक्त फुगा भरलेला आणि बोलण्याची झडप काढलेली हवी. एकाचे उपकरण दुसऱ्याला नको. छातीत हवा साठलेली असेल, बरगड्या मोडल्या असतील, रक्तदाब औषधांवर तग धरून असेल किंवा ऑक्सिजन ६० टक्क्यांहून जास्त लागत असेल, तर थांबावे. उपकरण नाही म्हणून काही ठिकाणी व्हेंटिलेटरचा ट्रिगर, म्हणजे यंत्राचा श्वास मिळवायला लावावा लागणारा जोर, कडक करून ‘व्यायाम’ देतात. त्याचा फायदा अभ्यासात नीट सिद्ध झालेला नाही. रुग्ण घाबरतो तेवढा.

आहाराबद्दल थोडे. आजारी माणसाला पेज, ही आपल्याकडची माया आहे आणि पहिल्या दोन दिवसांत ती ठीकही आहे. पण वाटीभर पातळ पेजेत प्रथिने दोन ग्रॅमच्या आसपास असतात, आणि ६० किलोच्या रुग्णाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम लागतात. तीन आठवडे पेजेवर राहिलेल्याचे स्नायू भरून येणार कशातून? अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम माशात १८ ते २०, मूठभर कुळथात १० ग्रॅमच्या आसपास. कुळथाची दाट पिठी, कुस्करलेला काटे काढलेला मासा, दही, हे पेजेत किंवा पेजेसोबत द्यावे. लेप्टोने मूत्रपिंड बिघडलेले असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि नळी नुकतीच निघालेली असेल तर पातळ पेज पाण्यासारखी श्वासनलिकेत उतरू शकते. पहिला घास दाट हवा, रुग्ण ताठ बसलेला हवा. गिळताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा-ओला झाला तर थांबावे.

इथून कोल्हापूर, गोव्यातले बांबोळी किंवा मुंबईला रुग्ण हलवताना कागदांत एक्स-रे असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात, श्वासाच्या ताकदीचा आकडा नसतो. व्हेंटिलेटरचे किती दिवस झाले, गुंगीचे औषध कधी थांबवले, कमाल दाब किती, सुटा श्वास किती मिनिटे जमला, एवढ्या चार ओळी असतील तर पुढच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि सिलिंडरचा हिशेब रुग्ण गाडीत घेण्याआधी करावा. १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तास पुरतो. घाटात दरड आली तर तो वेळ कधीच संपतो, म्हणून दुप्पट घ्यावा.

जिल्हा रुग्णालये, नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी आयसीयू यांच्याकडे आमचे मागणे आहे ते असे: आयसीयूला फिजिओथेरपिस्ट रविवार-सुट्टीसह हवा, कारण स्नायू सुट्टी पाळत नाही. दाबमापक, एकतर्फी झडप आणि प्रत्येक गरजू रुग्णाला स्वतःचे व्यायामाचे उपकरण खरेदीच्या यादीत हवे. फॉस्फेटची तपासणी जागेवर व्हायला हवी. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘श्वासाचा व्यायाम’ एवढेच न लिहिता किती दाबावर, किती श्वास, किती आठवडे, आणि पुन्हा मोजायला कधी यायचे, ते लिहायला हवे.

घरी आलेल्या रुग्णांसाठी एक खूण सांगतो, ती किनाऱ्यावरच्या माणसांना लगेच कळेल. श्वासपटल कमकुवत असेल तर आडवे झाल्यावर दम लागतो, दोन-तीन उशा लागतात. तसेच छातीभर पाण्यात उतरल्यावर अचानक श्वास कोंडतो, कारण पाण्याचा दाब पोटावर येतो आणि थकलेले श्वासपटल त्याच्या विरुद्ध खाली सरकू शकत नाही. बाहेर आल्यावर काही क्षणांत बरे वाटते, म्हणून माणूस ते सोडून देतो. आयसीयूतून आलेल्या ज्यांना पुन्हा पाग टाकायला, कालवे काढायला किंवा खाडीत उतरायला जायचे आहे, त्यांनी आधी सपाट झोपून दहा मिनिटे श्वास नीट राहतो का ते पाहावे, एका दमातले मोजणे विसाच्या वर जाते का ते पाहावे. जात नसेल तर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी श्वासाची ताकद मोजून घ्यायला रुग्णालयात यावे.

आपले विश्वासू,
आयसीयूत काम करणारे फिजिओथेरपिस्ट व परिचारिका,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग